म्होरक्याची घंटी

भवानी पेठेत आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा मला तिथली सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे दुपारची शांतता. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. साठ मुलींचा गलका ऐकून कान किटलेले असायचे. यजमान रेल्वेत फायरमन, आठवड्यातले चार दिवस गाडीवर. घरी मी आणि चार वर्षांचा वसंता. हा वसंता एकटा साठ मुलींना भारी होता. त्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून मी शाळेतच घेऊन जात असे, आणि आमच्या हेडबाई त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघत की मला दिवसभर फळ्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटे.

आमच्या चाळीत पत्र्याच्या सहा खोल्या, मधे अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. बाकीच्या पाचही खोल्यांतली माणसं गिरणीत जाणारी, बायकासुद्धा. बहुतेक घरांत एखादं तान्हं. पण दुपारी मी घरी यावं तर कुठं टँ नाही की टुँ नाही. सगळी लेकरं आपापल्या झोळीत गाढ झोपलेली. मला वाटायचं, काय गुणी मुलं आहेत! वसंताला मी तसं सुनवतही असे.

त्या गुणाचं कारण मला पंधरा दिवसांनी कळलं. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी प्रत्येक आई मोहरीएवढी काळी गोळी दुधात उगाळून बाळाला चाटवायची. बाळगोळी म्हणत, पण तिच्यात अफू असायची आणि ते सगळ्यांना माहीत होतं. चाटवलं की दुपार ढळेपर्यंत मूल हलत नसे. त्या बायकांना दुसरा इलाज नव्हता. मी मात्र शिकलेल्या बाईनं मुरडावं तसं नाक मुरडलं आणि स्वस्थ बसले.

आणि मग आप्पा आले.

समोरच्या खोलीत सिदू आणि रखमा राहायचे. दोघंही गिरणीत. त्यांना तीन वर्षांचा म्हाळू होता आणि नुकतीच बायडी झाली होती. बायडीला गोळी सुरू झाली आहे असं सिदू गावी जाऊन बोलून गेला असावा, कारण पुढच्याच आठवड्यात त्याचे वडील सांगोल्याकडून हजर झाले. अंगावर घोंगडी, डोक्याला लाल पटका, हातात काठी, आणि पाठीला एक भलंमोठं जाळ्याचं भेंडोळं. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. कळप पुतण्याच्या हवाली करून आले होते. आल्या आल्या त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. कोनाड्यातली गोळीची डबी उचलली आणि चुलीत टाकली.

रखमा घाबरून म्हणाली, "मामंजी, मग उद्या पोरीचं कसं?"

"गोळीच्या बदल्यात मी आलोय की," आप्पा म्हणाले. "आता दोनी कशाला?"

दुसऱ्या दिवशी पाठीवरच्या भेंडोळ्याचा उलगडा झाला. ती मेंढरांची वाघर होती. रानात मुक्काम पडला की धनगर ज्या जाळ्याचं कुंपण घालतात, ती. आप्पांनी कडुनिंबाभोवती चार मेखा ठोकून ती ताणली, आत घोंगडी अंथरली आणि म्हाळूला सोडून दिलं. बायडी त्यांच्या मांडीवर. स्वतः दाराशी बसून चातीवर लोकर कातायला लागले. वसंतानं हे पाहिलं आणि शाळेत यायला साफ नकार दिला. मी नको नको म्हणत असतानाच तो जाळीवर चढून आत पडलासुद्धा.

"ऱ्हावू द्या, बाई," आप्पा म्हणाले. "एक काय, दोन काय. राखणाऱ्याला सारखंच."

महिन्याभरात वाघरीत सहा पोरं झाली. एकेका घरातली डबी बंद होत गेली आणि आमच्या चाळीतली ती सुंदर शांतता कायमची संपली. दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी आले की आमच्या अंगणातला दंगा ऐकू यायचा. माझं डोकं उठायचं. मी एकदा तणतणत म्हटलं, "आप्पा, जरा दटावत जा की यांना! किती हा धिंगाणा!"

आप्पांनी चाती थांबवली. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "बाई, उड्या मारतंय ते कोकरू चांगलं. गप पडलं की भ्या वाटतंय. दंगा करत्यात म्हंजे जिती हायत, असं समजायचं आन् आपलं काम करायचं."

हे त्यांचं एकमेव बालसंगोपनशास्त्र. बाकी सगळं त्यातून निघालेलं. मेंढरांतला जो पुढारी, ज्याच्या मागून सगळा कळप चालतो, त्याला ते म्होरक्या म्हणत. त्याच्या गळ्यातली पितळेची एक घंटी त्यांनी बरोबर आणली होती. रोज दिवे लागायच्या सुमाराला, गिरणी सुटली की, ही घंटी त्या दिवशीच्या सर्वांत खोडकर पोराच्या कमरेला बांधली जायची. ते पोर मग दुसऱ्या दिवशीचा म्होरक्या. आता सांगा, असं बक्षीस लावल्यावर मुलं काय करतील! वसंतानं त्या घंटीपायी माझ्या पिठाच्या डब्यात राख मिसळली, गवळ्याच्या म्हशीच्या शेपटीला माझी फणी बांधली, आणि यजमानांच्या ड्यूटीच्या टोपीत कोंबडीला अंड्यावर बसवलं. टोपीचं प्रकरण झालं त्या दिवशी घंटी त्यालाच मिळाली. यजमान गाडी चुकता चुकता राहिले, पण तेही हसले.

पण आप्पांच्या न्यायाला एक हद्द होती. पलीकडच्या गल्लीत तेलगू विणकर रस्त्यावर लांबच्या लांब ताणा पसरून त्याला खळ लावायचे. म्हाळू आणि वसंता त्याच्या खालून आगगाडी होऊन धावले आणि पाचपन्नास धागे तोडून आले. दोघं घंटीच्या आशेनं छाती काढून उभे राहिले. आप्पांनी दोघांच्या बखोटीला धरलं, त्या विणकरासमोर नेऊन बसवलं आणि धागा न् धागा जोडून होईपर्यंत हलू दिलं नाही. स्वतःही उन्हात त्यांच्याजवळ बसून राहिले. येताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात तोंड घालणाऱ्याला घंटी न्हाय." त्या दिवशी घंटी कुणालाच मिळाली नाही आणि दोघं जेवले नाहीत.

आणखी एक गोष्ट. आप्पा पोरं कधी मोजत नसत. मी शिक्षक माणूस, हजेरी घेतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. दारात आले की मी बोट करून मोजायला लागायची आणि आप्पा कासावीस व्हायचे. "मोजू नगा, बाई. मोजलं की कमी हुतंय." त्यांची रीत निराळी. डोळे मिटायचे आणि ऐकायचं. दोनशे मेंढरांत एक कमी असलं तरी त्यांना ओरडण्यावरून कळायचं म्हणे, मग सहा पोरांची काय कथा. एकदा असेच डोळे मिटून बसले असताना म्हणाले, "बायडी न्हाय." सगळ्यांनी शोधलं. बायडी माझ्या धुण्याच्या बोचक्यात झोपली होती. मला ती तिथं आहे हे माहीत नव्हतं आणि बोचकं घेऊन मी विहिरीकडे निघाले होते. त्यानंतर मी त्यांच्या रीतीला हसणं बंद केलं.

त्या रीतीत एक भोक होतं, ते गड्ड्याच्या जत्रेत उघडं पडलं. संक्रांतीच्या गर्दीत पोरं हरवू नयेत म्हणून आप्पांनी रंगाऱ्याकडून सूत रंगवायचा निळा रंग वाटीभर आणला आणि प्रत्येकाच्या मानेवर मागून दोन पट्टे ओढले. ही त्यांच्या कळपाची खूण. तो रंग महिनाभर जाणार नव्हता हे मला नंतर कळलं. सहा पोरं घेऊन म्हातारा गड्ड्यावर गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा मी सवयीनं मनातल्या मनात मोजलं. सात.

पुन्हा मोजलं. सातच. सातवा पाचेक वर्षांचा, गोरागोमटा, ओंजळीत चिरमुरे, आणि आमच्या पोरांशी घडाघडा तेलगूत बोलत होता. मानेवर दोन निळे पट्टे, ताजे, अजून ओघळणारे.

"आप्पा, हा कोण?"

आप्पांनी वाकून बघितलं. "दारात एक बिनखुणंचं दिसलं. म्हटलं, आपलंच ऱ्हायलं असंल. लावली खूण."

कोण कमी आहे ते त्यांना पानाच्या सळसळीतूनसुद्धा कळलं असतं. जास्तीचं आलं तर मात्र ते कळायला काही सोयच नव्हती! मी कपाळाला हात लावला. आप्पांनी त्याला आधी भाकरी-दूध खाऊ घातलं, मग खांद्यावर घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडाशीच त्याचा बाप चारपाच माणसांसह धावत येताना भेटला. डोळे लाल, आवाज गेलेला. पोराला छातीशी धरलं आणि मान बघून तो पुन्हा घाबरला. आप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भिऊ नगा. दुसऱ्याच्या कळपातलं आलं तर पोटभर पाजून परत धाडायचं, अशी आमची रीत हाय." तो विणकर आधी रडला, मग हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते पोर स्वतःच्या हातानं आणून वाघरीत सोडलं.

इतका वेळ मी हसत हसत लिहिलं. आता जे लिहायचं आहे ते मी आप्पांखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही. यजमानांनासुद्धा नाही.

वसंता सात वर्षांचा असताना मला कमळ झाली. दोन महिन्यांनी मी पुन्हा शाळेवर रुजू झाले. आप्पा तिला सांभाळत, आणि मधल्या सुट्टीत अंगावर पाजायला शाळेत घेऊन येत. मागोमाग बाकीचं लेंढार असायचंच. कमळ पोटदुखीची पोर. व्हरांड्यात आली की किंचाळायची. हेडबाईंनी मला खोलीत बोलावलं. "पुढच्या आठवड्यात डेप्युटी साहेब इन्स्पेक्शनला येणार. तेव्हा हे रडणं व्हरांड्यात ऐकू आलं तर मला तुमच्याबद्दल लिहावं लागेल." यजमानांचा पाय तेव्हा एंजिनावर भाजलेला, ते बिनपगारी रजेवर गावच्या घरी होते. नोकरी गेली असती तर आम्ही काय खाल्लं असतं?

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून गोळी आणली. नाक मुरडणारी, शिकलेली मी. सकाळी दार लावून उगाळली, चाटवली, आणि पोर आप्पांच्या हाती दिली. मधल्या सुट्टीत ती आली ती निवांत. कुणी हूं की चूं ऐकलं नाही. हेडबाई माझ्याकडे बघून चक्क हसल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "पोरगी लई गप हाय, बाई." मी म्हटलं, "उन्हाळा आहे ना." चौथ्या दिवशी ती नीट प्यायली नाही. म्हणून पाचव्या दिवशी भुकेनं रडेल या भीतीनं मी गोळी जरा जास्तच उगाळली.

त्या दिवशी दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

मी धावत आत शिरले. अंगणात पोरं एका ओळीत बसली होती, वसंतासुद्धा. आप्पांच्या मांडीवर कमळ. आप्पा तिच्या कानाशी घंटी वाजवत होते. या बाजूला, त्या बाजूला. कमळ मान वळवत नव्हती. पापणी हलवत नव्हती.

"बाई, हिच्या पोटात काय गेलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "शहाणी झाली आहे आता."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "कोकरू शाणं हुत न्हाय, बाई," ते म्हणाले. "कोकरू आजारी पडतंय. काय दिलंय ते सांगा, म्हंजे काय करायचं ते कळंल."

मी तिथंच खाली बसले आणि हळूच त्यांच्या कानाशी सांगितलं.

त्यांनी तडक म्हाळूला डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर आले, औषध पाजलं आणि म्हणाले, काही झालं तरी हिला झोपू देऊ नका. आप्पा उठले. कमळला खांद्यावर घेतलं, तळपायांना टिचक्या मारत अंगणात फेऱ्या घालायला लागले आणि पोरांना म्हणाले, "आता बगता काय रं? हाणा! जेवढा दंगा करता येतोय तेवढा करा. आज सगळे म्होरके."

मग जे सुरू झालं ते भवानी पेठेनं कधी ऐकलं नसेल. ताटं, पळ्या, घासलेटचे डबे, माझी घागर. वसंता रडत रडत परात बडवत होता. विणकराचा पोरगा बोंबलत होता. शेजारच्या गल्लीतली माणसं काय झालं म्हणून आली आणि पोरीला जागं ठेवायचंय एवढं कळल्यावर काठीनं पत्रा वाजवायला लागली. मी आप्पांच्या मागून नुसती चालत होते. ऊन भिंतीवरून वर सरकलं, कडुनिंबाच्या शेंड्यावर गेलं, गिरणीचा सुटीचा भोंगा झाला. त्या भोंग्याला कमळनं तोंड वाकडं केलं. मग दोन्ही पाय झाडले. मग ती अशी किंचाळली की पोरांचे हात वाजवता वाजवता थांबले.

आप्पा मटकन ओट्यावर बसले. त्यांच्या पटक्याखालून घामाच्या धारा चालल्या होत्या. मी तिला घ्यायला हात पुढं केले, आणि मला वाटलं आता देणार नाहीत. त्यांनी दिली.

"घ्या," ते म्हणाले. "आता रडंल लई. रडू द्या. मी हाय की."

ती एवढीच शिक्षा त्यांनी मला केली. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही, रखमाजवळही नाही. डेप्युटी साहेब आले त्या दिवशी शाळेच्या कुंपणाबाहेरच्या झाडाखाली आप्पा आपला सगळा कळप घेऊन बसले होते, आणि कमळ त्यात टिपेला पोहोचली होती. साहेब मुलींना भूगोल विचारता विचारता थांबले. "बाहेर कोण आहे?" हेडबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आमचे आजोबा आहेत, साहेब. माझी मुलगी त्यांच्याजवळ असते." साहेबांनी खिडकीतून बघितलं, काही तरी पुटपुटले आणि पुन्हा कृष्णा-गोदावरीकडे वळले. माझी नोकरी राहिली. आणि 'आमचे' हा शब्द माझ्या तोंडून इतका सहज निघाला याचंच मला दिवसभर नवल वाटत होतं.

त्यानंतरची चार वर्षं कमळ त्यांच्या मांडीवर, मग पाठीवर, मग वाघरीत वाढली. पण ती अबोल आणि अंग राखून असणारी झाली. पोरं दंगा करायची तेव्हा ही आप्पांच्या घोंगडीला धरून बघत बसायची. लोक म्हणत, किती शांत मुलगी. मला ते शब्द टोचायचे. त्या पाच दिवसांनी हिचं काही कायमचं गेलं असेल का, हे मी कुणाला विचारणार? आप्पा मात्र रोज संध्याकाळी घंटी दुसऱ्याला बांधायच्या आधी एकदा तिच्यापुढं धरायचे. ती मान हलवायची. ते म्हणायचे, "बरं, उद्या."

मग आप्पांचे कान गेले. आधी आम्हाला कळलं नाही. एके दिवशी म्हाळू घंटी वाजवत त्यांच्या मागून निघून गेला आणि आप्पांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले, नेहमीसारखं ऐकायला, आणि तसेच बसून राहिले. संध्याकाळी सिदूला म्हणाले, "मला गावाकडं सोड. घंटी ऐकू येईना, मग राखण कसली." आम्ही सगळ्यांनी परोपरीनं विनवलं. पोरंही आता मोठी होत आली होती, नव्या पोरांसाठी रखमाची विधवा मावशी येणार होती, पण गरज आहे म्हणून थोडंच कुणी थांबवत होतं त्यांना! त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे खरोखरच ऐकू आलं नाही त्यांना, आणि आमचे चेहरे त्यांनी बघितले नाहीत.

कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या गाडीला त्यांना पोचवायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. वाघर त्यांनी नव्या पोरांसाठी अंगणातच ठेवली होती. आप्पा खिडकीशी बसले. खाली फलाटावर पोरं ओळीनं उभी, माना खाली, कुणी बोलेना. आप्पांनी खिडकीतून वाकून एकेकाच्या कपाळाला हात लावून बघितला. म्हाळू, बायडी, वसंता.

"ताप न्हाय," ते पुटपुटले. "मग गप का हायत ही?" आणि त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. त्या दुपारी माझ्याकडे बघताना झाला होता तसाच.

कमळला मी कडेवर घेऊन खिडकीशी धरलं. आप्पांनी तिच्याही कपाळाकडे हात नेला. तेवढ्यात गाडीनं शिटी दिली, आणि माझ्या त्या शांत मुलीनं दोन्ही हातांनी आप्पांचा पटका ओढला, कडेवरून खाली उडी टाकली आणि फलाटावरून पळत सुटली. लाल पटका तिच्यामागं लांबच लांब उलगडत गेला. पोरं ओरडत तिच्यामागं धावली. हमाल बाजूला झाले. गाडी हलली. चारचौघांत म्हाताऱ्या माणसाचं डोकं उघडं पडलं म्हणून मी शरमेनं ओरडले, "कमळे! इकडे आण आधी!"

आप्पा हसत होते. मी त्यांना कधीच इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कंबरेला बांधलेली थैली सोडली, घंटी काढली आणि खिडकीतून फेकली. "तिला द्या, बाई! तिची हाय!"

घंटी ठणठणत फलाटावर घरंगळली. कमळनं ती उचलली आणि डोळ्यांवर आलेला पटका मागं सारून, सगळा जोर लावून, वाजवायला सुरुवात केली. आप्पांनी कानामागं तळवा धरला, मान हलवली. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि उघड्या डोक्यानं नुसते बघत राहिले. घंटी ऐकू आली नाही, पण तिच्या उड्या त्यांना गाडी वळेपर्यंत दिसत होत्या.